नजरेत मावेल एवढं अक्षर

आमच्या ह्यांनी आयुष्यभर बारीक अक्षरांची चाकरी केली. अक्षरं काढणारे कलाकार वेगळे. ते झोकदार वळणं काढायचे, भिंतीएवढं करून पाहिलं तरी देखणं दिसेल असं. कॉम्प्युटरमध्ये ते अक्षर रेषांच्या रूपात साठवलेलं असतं, त्यामुळे हवं तेवढं ताणता येतं, हवं तेवढं आवळता येतं. ताणायला काही अडचण नसते. आवळायला लागलं की पंचाईत. पडदा म्हणजे शेवटी चौकोनी ठिपक्यांची जाळी. एखादा काना दोन ठिपक्यांच्या मधोमध आला, की तो धड इकडे नाही, धड तिकडे नाही. कुठे दुप्पट जाड होतो, कुठे गायबच होतो, कुठे नुसता राखाडी डाग. ‘ध’ आणि ‘घ’ जुळे भाऊ होतात, ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ सगळं पोट भरून टाकते. मग एकेका अक्षराला, एकेका मापाला समजावून सांगावं लागतं, की बाबा रे, एवढा लहान झालास की काना एकाच ठिपक्याचा ठेव, पोट मोकळं ठेव, वेलांटीला वर श्वास घ्यायला जागा दे. हे समजावणारे आमचे हे. कंपनीत सगळे त्यांना बारीकराव म्हणायचे. अंगाने मात्र चांगले आडवे.

ते समजावायचे आणि तपासायची मी. मी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायचे, अक्षरकलेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि ह्यांना तेच हवं होतं. नवीन माप तयार झालं की संध्याकाळी मला पडद्यासमोर बसवायचे आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसून माझे डोळे बघत राहायचे. “कसं झालंय?” असं त्यांनी कधी विचारलं नाही. मी वाचत जायचे, आणि डोळा जिथे अडखळला तिथे ते पेन्सिलीने खूण करायचे.

“तुमचा हा ‘म’ आहे की ‘भ’? लोकांनी काय नाणेफेक करून ठरवायचं?” असं मी चिडून म्हटलं, की ह्यांची कळी खुलायची. मी भांडले की अक्षर सुधारायचं. न अडखळता शेवटपर्यंत पोचले, की ते मशीन बंद करून “चल, जेवून घेऊ” म्हणायचे. एवढंच काय ते आमच्या घरातलं कौतुक. इतक्या वर्षांत मी एकदाही ‘छान’ म्हटलं नाही आणि त्यांनी कधी वाट पाहिली नाही.

मग पडदेच बदलले. ठिपके इतके बारीक झाले की डोळ्यांना जाळी दिसेनाशी झाली, आणि कुठलंही अक्षर कसंही आवळलं तरी गुळगुळीत यायला लागलं. उरलंसुरलं काम मशीन आपणहून करायला लागलं. कंपनीने ह्यांना एक फुलांचा गुच्छ आणि छोटंसं भाषण दिलं आणि हे घरी आले. मग दुपार दुपारपर्यंत दाढी करायचे नाहीत, खिडकीशी बसून समोरच्या दुकानाची पाटी बघत राहायचे. मी काही विचारलं की “हं” म्हणायचे. ‘हं’ म्हणणाऱ्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे भिंतीशी पत्ते खेळणं. मला त्यांच्याबद्दल फार भीती वाटायला लागली होती.

त्यात माझे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, टेबलाच्या कडेचा पेला पडायचा. मला वाटलं, वयाप्रमाणे धांदरटपणा आलाय. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला रोखठोक.

“काचबिंदू आहे, आणि यायला उशीर केलात,” त्या म्हणाल्या. “हे दिसणं कडेकडेने जातं. मधलं सगळ्यांत शेवटी जाईल. थेंब टाकत राहायचं. गेलेलं परत येत नाही, आहे ते जितके दिवस टिकेल तितके दिवस आपलं.”

ह्यांनी त्यातलं ‘दिसणं जाईल’ एवढंच ऐकलं. कडेकडेने की मधून, इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. घरी येताना माझा हात धरून इतके भराभर चालत होते की मला धाप लागली.

“काही काळजी करू नकोस,” ते म्हणाले. “मी तुला मोठं अक्षर करून देतो. असलं मोठं, की आंधळ्यालाही दिसेल!”

मग जीभ चावली बिचाऱ्यांनी. पण मी त्यांच्या चालीकडे बघत होते. ती जुनी चाल होती, कामावर जातानाची.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सकाळी गुळगुळीत दाढी. धुतलेला शर्ट. टेबलावर कागद, पेन्सिली, खोडरबराचा चुरा. मोठ्या अक्षराला ठिपक्यांची कटकट नाही, वळणाला वाटेल तेवढी जागा. आयुष्यभर अक्षरांना उपाशी ठेवलेला माणूस आता त्यांना पोटभर जेवू घालत होता. भल्या जाड, गुटगुटीत अक्षरांचा एक आख्खा संच त्यांनी माझ्यासाठी काढला. बैठकीच्या खोलीत भिंतभर पडदा आणून लावला, त्याच्यासमोर हातभर अंतरावर माझी खुर्ची. माझ्या फोनमध्येही तीच अक्षरं घातली, तीही एवढी मोठी की एका वेळी दीड शब्द दिसायचा.

आणि मला त्यात काहीही वाचता यायचं नाही.

खुर्चीत बसले की समोर काळा खांब. मान हलवली की खांबाला एक फाटा फुटायचा. आणखी हलवली की पांढरं. खांब म्हणजे ‘क’चा काना, फाटा म्हणजे ‘क’चा कान, असं जुळवत जुळवत तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिलं विसरलेलं. मला वाटलं, झालं, संपलं. एवढं राक्षसासारखं मोठं करूनही दिसत नाही, म्हणजे राहिलंय काय? हे नेहमीसारखे स्टुलावर, पडद्याच्या कडेला बसले होते. मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघितला. मधोमध बघितलं तर चेहरा अजून दिसायचा मला. इतक्या दिवसांनी त्या चेहऱ्यावर जीव आला होता.

“सुरेख झालंय,” मी म्हटलं.

ते लाजले. खरंच लाजले, नवरदेवासारखे. माझी मान इकडून तिकडे फिरताना त्यांना दिसत होतीच, पण एवढ्या मोठ्या पडद्यासमोर मान फिरणारच, असं ते धरून चालले.

आता खोटं बोलायचं तर ते निभावावं लागतं. आमची मुलगी, भिंगरी, परगावी नोकरीला. लहानपणापासून एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. दर आठवड्याला ती आम्हाला लांबलचक पत्र लिहिते, कॉम्प्युटरवरच, पण पत्र म्हणजे पत्र. पूर्वी ते मी एकटी वाचायचे, दोनदा वाचायचे, मग ह्यांना द्यायचे. मला जगात दुसरं काही नको होतं, तिचं पत्र तेवढं माझ्या डोळ्यांनी वाचता यायला हवं होतं. दुसऱ्याने वाचून दाखवलं की त्यात त्याचाच आवाज येऊन बसतो, आणि ह्यांचा आवाज म्हणजे स्टेशनवरची सूचना. लेकीचं रडू आलेलं वाक्य आणि फलाट बदललेला, दोन्ही एकाच सुरात.

आता ते पत्र भिंतीवर लागायचं. हे सकाळी फिरायला गेले की मी भिंगरीला फोन करायचे. “काय लिहिलंयस ते सांग पटकन.” ती सांगायची, मी पाठ करायचे, आणि संध्याकाळी खुर्चीत बसून मान फिरवत फिरवत घडाघडा म्हणायचे. शाळेत कविता पाठ केल्या नव्हत्या तेवढी पत्रं पाठ केली मी.

“आई, हे नाटक किती दिवस चालवणार आहेस?” ती एकदा भडकलीच. “बाबांना सांगून टाक ना!”

“अगं, ते पुन्हा त्या खिडकीत जाऊन बसतील.”

“आणि तुझं काय?”

“माझं गेलंय ते गेलंय. दोघांनी कशाला बुडायचं?”

तिने फोन ठेवून दिला. माझ्या मनात मात्र कुढणं चालूच असायचं. पत्र म्हणताना तिचे शब्द माझ्या तोंडातून यायचे, आणि मला कळायचं, की मी ते वाचलेलं नाही.

असे महिने गेले. एका संध्याकाळी पत्र म्हणून झालं, शेवटचं ‘काळजी घ्या’सुद्धा म्हणून झालं, आणि मी सवयीने म्हटलं, “सुरेख.” हे काहीच बोलेनात. चल जेवू नाही, काही नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला आणि मी भिंत चाचपत धावले. गॅस बंद केला, फडकं टाकलं. हे अजून गप्प का, म्हणून दारातूनच मागे वळून बघितलं.

खोलीच्या त्या टोकाला भिंतीवरचा पडदा. एवढ्या लांबून तो माझ्या नजरेच्या भोकात पुरता मावला. त्यावर ‘काळजी घ्या’च्या खालचं एक वाक्य तीन ओळींत मोडून उभं होतं, काळंभोर, स्वच्छ, आणि मी काही विचार करायच्या आत ते मोठ्याने वाचलं.

“आई, ही ओळ मी तुला फोनवर सांगितलेली नाही.”

वाचल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते. त्याहून उशिरा कळलं, की मी वाचलं.

हे स्टुलावरून उठले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, एकदा रिकाम्या खुर्चीकडे. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. अक्षर कुठे मावतं आणि कुठे मावत नाही, ह्यातच त्यांचा जन्म गेला होता.

“नळी झालीय,” ते पुटपुटले. “तुझी नजर नळी झालीय. त्या बाई सांगत होत्या कडेकडेने म्हणून. आणि मी वेड्यासारखा अक्षर फुगवत बसलो. जेवढं मोठं केलं तेवढं तुझ्या हाताबाहेर गेलं.”

“अहो, मला तरी कुठे माहीत होतं? मोठं दिसत नाही तिथे लहान काय दिसणार, म्हणून मी लहानाच्या वाटेलाच गेले नाही.”

“ते राहू दे!” ते एवढ्या मोठ्याने ओरडले की मी दचकले. “तू अडखळायचीस म्हणून मला काम जमायचं. आयुष्यभर अडखळलीस, भांडलीस, आणि नेमकं आत्ताच ‘सुरेख’? इतके महिने तुला वाचता आलं असतं. इतके महिने!”

आणि ते रडायला लागले. मी त्यांना रडताना फारसं पाहिलेलं नव्हतं आणि तेव्हाही धड पाहता आलं नाही. चेहऱ्याच्या मधला भाग तेवढा दिसत होता. मी जाऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. यापुढे अडखळले तर अडखळले म्हणेन, असं वचन दिलं. वचन देताना अगदी मनापासून दिलं.

रोज स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एका वेळी तीन ओळी कुणी वाचत नाही. हातात धरून वाचता येईल असं लहान अक्षर हवं होतं. ह्यांनी आधी तेच गुटगुटीत अक्षर आवळून फोनवर घातलं. सगळा चिखल. जाड काने एकमेकांना चिकटले, पोटं बुजली, वर मशीनने कडा गुळगुळीत करायला भोवती राखाडी ठिपके पेरलेले. धडधाकट डोळ्यांना त्या राखाडीमुळे अक्षर गोंडस दिसतं. माझ्या डोळ्यांना ते धुकं. काळ्या-पांढऱ्याच्या मधलं काही मला पेलतच नव्हतं.

“मोठं अक्षर नुसतं लहान केलं की ते लहान अक्षर होत नाही,” ते म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं. मला हे माहीत नव्हतं का? मीच तर नवीन पोरांना शिकवायचो.”

मग पुन्हा ती जुनी ठिपक्यांची जाळी निघाली. फोनचे बारीक ठिपके चार-चार एकत्र धरून त्यांनी एक जाड ठिपका ठरवला, आणि तसले ठिपके मोजून एकेक अक्षर बसवलं. राखाडी अजिबात नाही, ठिपका एक तर पेटलेला नाहीतर विझलेला. संध्याकाळी मी खिडकीपाशी, फोन हातात, आणि हे समोर स्टुलावर, डोळ्यांत तेल घालून माझे डोळे बघत.

“हा काय प्रकार आहे? ‘थ’ की ‘य’?”

“‘थ’.”

“मग त्याला डोकं द्या की!”

“डोकं दिलं तर वरची वेलांटी कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?”

आम्ही असे भांडलो की शेजारच्या बाई विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. सगळं फार ठीक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षातही मी एवढी सुखी नव्हते.

आणि एका संध्याकाळी मी भिंगरीचं पत्र वाचलं. सगळं. शब्दाला शब्द जोडत, सावकाश, पण माझं मी. तिने लिहिलं होतं की खोलीतला नळ गळतो, आणि तिला तिथे फार एकटं वाटतं, आणि हे बाबांना सांगू नकोस. मी ते दोनदा वाचलं आणि बाबांना सांगितलं नाही. फोन बाजूला ठेवला. हे उठले, म्हणाले, “चल, जेवून घेऊ.”

त्यानंतर ह्यांना एक खूळ लागलं. आतल्या खोलीत बसून मला मेसेज पाठवायचे. ‘चहा टाकतेस का.’ ‘माझा चष्मा तुझ्याकडे आहे.’ ‘तू आज माझ्याशी सकाळपासून भांडली नाहीस, बरं आहे ना.’ एका मेसेजचं एक पान, माझ्या नळीत बरोबर मावेल एवढं. मी बाहेरच्या खोलीतून ओरडून उत्तर द्यायचे. फोन थरथरला की मला तरुण झाल्यासारखं वाटायचं, कबूल करायला काय लाजायचं.

पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. भोक आवळत गेलं. ह्यांनी अक्षर आणखी बारीक केलं, एकेक ठिपका काढून घेतला, आणि एका जागी येऊन थांबले. त्याखाली गेलं की अक्षर राहत नाही, नुसते ठिपके राहतात. पुढे एका ओळीतले दोन शब्द दिसायचे, मग एक. मग एक दिवस फोन थरथरला, मी तो खिडकीपाशी नेला, डोळ्यांसमोर पुढेमागे केला, तिरका धरला, आणि त्यात उजेडाखेरीज काही नव्हतं.

मी वचन दिलेलं होतं. ते मला आठवत होतं. पण आतून ह्यांची चाहूल येत होती, खुर्ची जरा सरकवून माझ्या उत्तराची वाट बघत असल्याची. घड्याळाचे टोले पडून गेले होते, म्हणजे चहाची वेळ.

“वाचलं हो,” मी ओरडले. “टाकते चहा.”

त्यांनी येऊन मुकाट्याने चहा घेतला. मला वाटलं, निभावलं. मग मी अंदाज बांधायला शिकले. जेवणाआधीचा मेसेज असला की “येते”. दुपारचा असला की “काहीतरीच तुमचं”. आणि काहीच सुचलं नाही की हसायचं. हसलं की सगळीकडे चालतं.

काल संध्याकाळी फोन थरथरला. मी नेहमीप्रमाणे तो समोर धरला, एखादा मेसेज वाचायला लागेल एवढा वेळ थांबले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सुरेख!”

आतली खुर्ची सरकली. हे आले, माझ्यासमोर स्टूल ओढून बसले, आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“काय लिहिलं होतं?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच लिहिलंय, मला काय विचारता?”

“मी काही लिहिलं नव्हतं. कोराच पाठवला होता.” फोन बाजूला ठेवून म्हणाले, “गेले कित्येक दिवस कोरेच पाठवतोय.”

मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग फार वाईट वाटलं. सगळे “येते” आणि सगळं हसणं त्या कोऱ्या पानांना दिलेलं.

“कधी कळलं तुम्हाला?”

“तू भांडायची थांबलीस तेव्हा. ‘चहा’तला ‘ह’ मुद्दाम बिघडवून पाठवला होता. तू काही बोलली नाहीस.”

“मग पाठवत का राहिलात?”

ते माझा हात हातात घेऊन बसले. त्यांच्या बोटाला पेन्सिलीचा जुना घट्टा अजून आहे, तो मला लागत होता.

“तू ‘वाचलं’ म्हणायचीस ना,” ते म्हणाले. “ते ऐकायला.”

मग आम्ही दोघंही रडलो, अगदी लहान मुलांसारखे, मोठ्याने. रडून झाल्यावर त्यांनी माझं नाक पुसलं आणि मी त्यांना म्हटलं, की हा रुमाल धुतलेला नाही.

“उद्यापासून हाक मारत जाईन,” ते म्हणाले.

“मारा. पण ओरडू नका. माझे कान शाबूत आहेत.”

आज सकाळी ते आतल्या खोलीत होते. फोन थरथरला नाही. मी खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि आतून “अगं” असा आवाज आला, इतका बारीक, की दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. मी “आले” म्हटलं आणि भिंतीला हात लावत उठले.